दोरी गुंडाळणारं रीळ

सिडनीच्या समुद्रात दिवसाढवळ्या डुंबणं हा विसावं शतक उजाडेपर्यंत गुन्हा होता. १८३८ च्या कायद्यानं सकाळी ६ ते रात्री ८ या वेळात लोकांच्या नजरेसमोर पाण्यात उतरायला बंदी घातलेली. तांबडं फुटायच्या आत जा, नाहीतर काळोख पडल्यावर जा. सरकारची हरकत बुडण्याला नव्हती, दिसण्याला होती.

१९०२ च्या ऑक्टोबरात मॅनलीच्या विल्यम गोचर या वर्तमानपत्रवाल्यानं आधी आपल्याच पत्रात जाहीर केलं आणि भर दिवसा पाण्यात उतरला. पोलिसांनी त्याला बाजूला नेलं; खटला मात्र भरला नाही. पुढच्या वर्षी मॅनलीच्या नगरपालिकेनं मानेपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकण्याच्या अटीवर बंदी उठवली. गोचरला या मोकळीकीचा जनक मानतात. मला ते श्रेय जरा जास्तच वाटतं. टान्ना बेटावरून आलेल्या आणि टॉमी टान्ना म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या तरुणाकडून मॅनलीची पोरं १८९० च्या दशकातच लाटेवर अंग झोकून द्यायला शिकली होती. कायदा आतून पोखरलेला होता, गोचरनं फक्त धक्का दिला.

बंदी गेली आणि गर्दी आली. त्यातल्या बहुतेकांना तलावातलंसुद्धा पोहणं धड येत नव्हतं. लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटत राहतात आणि ते साचलेलं पाणी वाळूच्या दांड्यातली फट शोधून जोरानं परत फिरतं. त्या ओढीच्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी संथ दिसतं; म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. मग किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झगडतो आणि दमून बुडतो.

वाचवणारे नव्हते असं नाही. मॅनलीत स्लाय नावाचे कोळी भाऊ आपली होडी घेऊन लक्ष ठेवत. बुडणाऱ्याच्या मिठीतून सुटायचं कसं, त्याला धरून आणायचं कसं, याचे धडे १८९१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या जीवरक्षक संस्थेनं बसवलेले होते, पण ते संथ पाण्यासाठी. फुटत्या लाटांत एकट्यानं दुसऱ्याला ओढून आणणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड. कमरेला दोरी बांधून माणूस पाठवला, तर वाळूत पडलेल्या दोरीचा ऐन वेळी गुंता व्हायचा. अडचण शौर्याची नव्हती, दोरीची होती.

तिच्यावरचा उपाय बाँडी किनाऱ्यावर निघाला. लिस्टर ऑर्म्सबी आणि त्याच्या सोबत्यांनी दोऱ्याचं रीळ आणि केसांचे आकडे घेऊन नमुना केला, असं सांगतात. १९०६ च्या डिसेंबरात खरं रीळ वाळूवर उभं राहिलं, असा बाँडीचा दावा. मूळ कल्पना जॉन बाँड या सार्जंटची, असं म्हणणारेही आहेत. जीवरक्षकांचा पहिला क्लब बाँडीचा की शेजारच्या ब्राँटीचा, हे भांडण तर अजून मिटलेलं नाही. १९०७ च्या २ जानेवारीला बाँडीत एका नऊ वर्षांच्या मुलाला बाहेर काढलं. त्याला याच रिळानं ओढलं, ही कथा बाँडीकर हौसेनं सांगतात. तो चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. पुढे १९२८ मध्ये त्यानं विमानानं पॅसिफिक महासागर ओलांडला.

रीळ म्हणजे लाकडी चौकटीवरचं मोठं चाक, दोन-चार जणांना उचलून पाण्याकाठी नेता येईल असं. दोरीचं टोक पोहणाऱ्याच्या पट्ट्याला. तो निघाला की बाकीचे ओळीनं पाण्यात उभे राहून दोरी डोक्यावर धरत, म्हणजे ती लाटेत आणि शेवाळात अडकत नसे. बुडणाऱ्याला कवेत घेतलं की पोहणारा हात वर करी आणि मागचे दोरी ओढू लागत. ओढणाऱ्यांनी घाई केली तर पट्ट्यातला माणूसच पाण्याखाली खेचला जाई. म्हणून कवायत आली: सहा जणांची तुकडी, ठरलेली पावलं, ठरलेल्या खुणा.

या कवायतीचा आणखी एक उपयोग झाला, आणि मला तोच मोठा वाटतो. १९०७ च्या १८ ऑक्टोबरला क्लबांची मिळून संघटना झाली. तिच्या नावात जीवरक्षण नव्हतंच, होतं समुद्रस्नान. त्याच सुमारास पुरुषांनीही पोहताना घागऱ्यासारखा घोळ असलेला पोशाख घालावा, असा फतवा निघू घातला होता. दोनच दिवसांनी, २० तारखेला, पुरुषमंडळी बायकांचे परकर नेसून किनाऱ्यांवर मिरवली आणि फतवा हसण्यावारी गेला. अशा थट्टेखोर गर्दीवर बेशिस्तीचा शिक्का बसायला वेळ लागला नसता. पण तीच मंडळी शिस्तीत रीळ घेऊन चालू लागली, तेव्हा सोवळ्या नगरपित्यांचं तोंड बंद झालं. शिस्तीच्या या पुरुषी रांगेत बायकांना मात्र बरोबरीची जागा मिळायला १९८० उजाडलं.

रिळाची सत्त्वपरीक्षा झाली ६ फेब्रुवारी १९३८ ला. रविवार, बाँडीवर तुडुंब गर्दी. लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी वाळूच्या दांड्यावर उभ्या असलेल्या शेकडो लोकांना आत ओढलं. त्या दिवशी क्लबची शर्यत होती म्हणून जीवरक्षक बरेच हजर होते. सुमारे २५० जणांना बाहेर काढलं, ५ जण गेले. पण एका पट्ट्याला एक माणूस या हिशेबाचं यंत्र अशा गर्दीपुढे तोकडं होतं. घाबरलेली माणसं दोरीलाच लोंबकळत होती.

१९७० च्या आसपास मोटर लावलेली रबरी होडी आली आणि रिळाची सद्दी संपत गेली. ऑस्ट्रेलियात ते आता शर्यतीत उरलंय, जुन्या कवायतीसकट. आपल्या किनाऱ्यावर ते कधी रुळलं नाही. गोव्यात २००८ मध्ये पगारी जीवरक्षकांची व्यवस्था सुरू झाली ती रबरी होड्यांच्या काळात. ऑस्ट्रेलियाच्या क्लबांनी रूढ केलेले लाल-पिवळे बावटे मात्र तिथे दिसतात. पोहायचं ते या दोन बावट्यांच्या मधे, हा नियम दोन्हीकडे एकच. आणि दोन्हीकडे तो मोडणाऱ्यांच्या मागे शिट्टी वाजवत धावावं लागतं.