श्वासांची मोजणी : गडचिरोलीतील बालन्यूमोनिया-नियंत्रणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आरोग्याच्या इतिहासात साथी, लसी व रुग्णालये यांची नोंद होते. आजार ओळखण्याच्या साध्या रीतींची मात्र क्वचितच होते. शिंदखेडा तालुक्यातील खेड्यात रात्री एखादी आजी ‘बाळाचे पोट उडते आहे’ असे म्हणते, तेव्हा ती एक निदानच करीत असते. अशा निदानाला वैद्यकशास्त्राने मान्यता कधी व कशी दिली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

डॉक्टरांच्या कानापासून डोळ्यापर्यंत :
१८१६ मध्ये पॅरिस येथे रेने लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. १८९५ मध्ये रॉन्टजेन यांच्या क्ष-किरणांची त्यात भर पडली. परिणामी छातीच्या आजाराचे निदान डॉक्टर आणि यंत्र यांच्या स्वाधीन झाले. जेथे हे दोन्ही नव्हते, तेथे बालके निदानावाचूनच दगावत राहिली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, खोकणाऱ्या बालकाच्या श्वासाची वाढलेली गती आणि आत ओढली जाणारी छाती ही लक्षणे नुसत्या डोळ्यांनी पाहूनही उपचाराचा निर्णय घेता येतो.

गडचिरोलीचा प्रयोग :
महाराष्ट्रात हा विचार डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवर नेला. १९८८ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ५८ गावांत हे काम सुरू झाले. तुलनेसाठी ४४ गावे निवडण्यात आली. आरोग्य कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना श्वास मोजण्याचे व प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. मातापित्यांनाही या आजाराची लक्षणे समजावून सांगण्यात आली.

येथे एक अडचण उभी राहिली. अनेक दायांना बारापलीकडे मोजता येत नव्हते. न्यूमोनियाची मर्यादा तर दोन महिन्यांखालील बाळासाठी मिनिटाला ६० व त्यावरील बालकासाठी ५० श्वास अशी होती. यातून ‘श्वासमापक’ तयार झाला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. दायांना शंभरापर्यंत मोजायला शिकविण्याऐवजी साधनच त्यांच्या मोजणीला जुळवून घेतले गेले, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे.

१९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के आढळले. पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर प्रयोगाच्या गावांत ८.१ होते.

मर्यादा व सातत्य :
श्वासाची गती हे एकमेव प्रमाण नव्हे. दमा किंवा तीव्र तापातही श्वास वाढतो. त्यामुळे अनावश्यक प्रतिजैविके दिली जाण्याचा धोका असतो. आज एक ते पाच वर्षांच्या बालकांसाठी ४० ही मर्यादा मानली जाते. बाळ दूध पीत नसेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर त्यास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते. २०१९ मध्ये केंद्र शासनाने ‘सांस’ मोहीम सुरू केली, तर २०२१ पासून न्यूमोकोकल लस देशभर देण्यात येऊ लागली. तरीही मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याच्या ‘डंबा’ प्रथेच्या बातम्या २०२५ मध्येही आल्या. चटके देणाऱ्यांनाही बाळाचा त्रास दिसलेला असतोच. पुढचा योग्य उपाय मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

समारोप :
गडचिरोलीच्या या प्रयोगाने केवळ औषध गावात नेले नाही, तर निदानाचा अधिकारही गावाला दिला. निरक्षर दाईच्या हातातील मणी हे ज्ञानाच्या लोकशाहीकरणाचे ऐतिहासिक साधन ठरतात. खानदेशातील दाया व आज्या यांच्याजवळील अशा अनुभवज्ञानाच्या मौखिक नोंदी त्यांच्या हयातीतच संकलित होणे अगत्याचे आहे.