डाव्या हाताचा जमाखर्च

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या तळ्याकाठच्या गावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक साहसांचा भूमिकाखेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा कट्यारीचा घाव असो वा दोन्ही हातांनी पेललेल्या खड्गाचा, त्याची इजा एकाच षट्पैलू फाशावर मोजली जाई. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने निरनिराळ्या शस्त्रांना निरनिराळे फासे नेमून दिले. आणि शस्त्रांची अशी प्रतवारी एकदा ठरल्यावर, ढाल टाकून त्या हातीही शस्त्रच घेतले तर काय, हा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते.

त्यावर गायगॅक्सने १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये जो निवाडा दिला तो कडक होता. दुसरे शस्त्र कट्यार किंवा हातकुऱ्हाड एवढेच असावे, वार लागतो की नाही हे ठरवणाऱ्या मुख्य हाताच्या फेकीतून दोन व दुसऱ्या हाताच्या फेकीतून चार गुणांची वजावट व्हावी, आणि अंगी असामान्य चपळाई असल्यास त्या वजावटीत सूट मिळावी, मात्र नफा कदापि मिळू नये, असे ते कलम होते. पण ज्या नियमावलीत युद्धाची एक फेरी म्हणजे पूर्ण एक मिनिट, आणि फाशाची एक फेक म्हणजे त्या मिनिटातील अनेक हुलकावण्यांचे व वारांचे फलित, तेथे डाव्या हाताचे चातुर्य त्याच एका फेकीत अंतर्भूत मानायला हवे होते. त्याला स्वतंत्र फेक बहाल केली गेली, हाच माझ्या मते मूळ दोष होय. इटलीतील शस्त्राचार्य आकिल्ले मारोझ्झो याने १५३६ च्या आपल्या ग्रंथात तलवार-कट्यारीची जी विद्या शिकवली, तिच्यात डाव्या हातातील कट्यारीचे मोठे काम प्रतिस्पर्ध्याचे पाते अडवून बाजूस सारण्याचे असे. खेळाने मात्र संरक्षणाचे हे साधन आक्रमणाच्या खाती जमा केले, आणि पुढील प्रत्येक आवृत्तीला त्या नोंदीची दुरुस्ती करीत बसावे लागले.

मधल्या काळात सवलतींचाच अंमल होता. १९८५ साली ड्राउ, म्हणजे कृष्णवर्णी एल्फ, यांना वजावट माफ झाली. १९८८ मध्ये आर. ए. साल्वातोरे यांच्या कादंबरीतून दोन समशेरी फिरवणारा ड्रिझ्ट हा ड्राउ रेंजर, म्हणजे रानावनातला योद्धा, वाचकांपुढे आला. आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हलक्या चिलखतातील रेंजरलाही तीच मुभा दिली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने उलट टोक गाठले: सहा आणि दहा गुणांची जबर वजावट, व ती कमी करून घेण्यासाठी दोन स्वतंत्र कौशल्ये कमावण्याची सक्ती. इतकी किंमत मोजूनही डाव्या हाताच्या इजेत पात्राच्या बळापोटी मिळणारा जादा गुण निम्माच मिळे, आणि दोहाती शस्त्रास मात्र दीडपट; तेव्हा २००३ मध्ये ती दोन कौशल्ये एकवटली गेली, हे न्याय्यच झाले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने वजावट समूळ रद्द केली, आणि किंमत वेळेत वसूल केली: दुसरा वार ‘बोनस अॅक्शन’, म्हणजे आपल्या पाळीतील एकमेव जादा कृती, खर्चून करावा, व त्याच्या इजेत बळाचा गुण मिळवू नये. हा हिशेब मला फार सुंदर वाटतो. बळाचा गुण तीन धरला, तर दोन षट्पैलू फाशांच्या दोहाती तलवारीची सरासरी इजा सात अधिक तीन, म्हणजे दहा. आणि एकेका फाशाच्या दोन आखूड तलवारींचीही साडेसहा अधिक साडेतीन, म्हणजे दहाच. परंतु हे समत्व आरंभापुरतेच टिकते. पाचव्या पातळीवर योद्ध्यास मुख्य हाताचा आणखी एक वार मिळाला की दोहाती तलवार विसावर जाते, आणि दोन तलवारी साडेसोळावर अडतात, कारण बळाचा गुण प्रत्येक मुख्य वारागणिक मिळतो आणि डाव्या हाताचा वार एकचा एकच राहतो. २०२४ च्या संस्करणात काही हलक्या शस्त्रांना ‘निक’ हा गुणधर्म देऊन दुसरा वार मूळ हल्ल्यातच सामावून घेण्यात आला व बोनस अॅक्शन मोकळी झाली; परंतु २०१४ च्या ‘ड्युअल वील्डर’ या ऐच्छिक कौशल्यात दोन शस्त्रे धरणाऱ्याच्या संरक्षणात जो एक गुण वाढत असे, तो त्याच वेळी वगळला गेला.