धर्मोपदेशक-कुटुंब साहाय्य, इंग्लंडमधील

अकस्मात उद्‌भवलेल्या खर्चाने किंवा कर्त्या पुरुषाच्या मृत्यूने अडचणीत आलेल्या धर्मोपदेशकांच्या कुटुंबांना पैसा, वस्त्रे, निवारा वा मुलांच्या शिक्षणाची सोय पुरविणारी धर्मादाय व्यवस्था. ती निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांत आढळते. तथापि चर्च ऑफ इंग्लंडमधील तिचा इतिहास दीर्घ, बव्हंशी सलग आणि विशेष उद्‌बोधक आहे.

मध्ययुगीन कॅथलिक धर्मोपदेशक अविवाहित असल्यामुळे त्याच्या कुटुंबाचा प्रश्न निदान कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हता. धर्मसुधारणेनंतर १५४९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये धर्मोपदेशकांना विवाहाची मुभा मिळाली. मेरी राणीच्या काळात ती काढून घेण्यात आली. पण एलिझाबेथच्या कारकीर्दीत विवाहित धर्मोपदेशक ही सामान्य गोष्ट झाली. पदाची आर्थिक रचना मात्र एकट्या माणसासाठी बेतलेली होती, ती तशीच राहिली. पॅरिशचा रेक्टर किंवा व्हिकर हा पगारदार सेवक नव्हता. त्याच्याकडे एक धर्मवृत्ती असे. तीत दशमांश कर, चर्चची शेतजमीन, धार्मिक विधींची दक्षिणा आणि राहावयास घर यांचा समावेश होई. आपल्याकडील वतनाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु वतन वारसाकडे जाई, तर धर्मवृत्ती पदधारकाच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपे. उत्पन्न व घर ही दोन्ही एकाच दिवशी जात. धर्मोपदेशकाच्या पत्नीला आणि मुलांना ज्या आपत्तीला तोंड द्यावे लागे, तिचे मूळ वैयक्तिक उधळेपणात नसून या रचनेत होते.

संघटित साहाय्याचा प्रारंभ यादवी युद्धाच्या धामधुमीत झाला. १६४० नंतरच्या दोन दशकांत पार्लमेंटच्या पक्षाने राजनिष्ठ वा जुन्या उपासनापद्धतीस चिकटून राहिलेल्या धर्मोपदेशकांना पदच्युत केले. अशा प्रकारे जप्त झालेल्या धर्मवृत्तींची संख्या दोन हजारांहून अधिक भरते. जप्त उत्पन्नाचा एकपंचमांश हिस्सा पदच्युताच्या पत्नी व मुलांना द्यावा, अशी तरतूद पार्लमेंटने केली होती. परंतु तो वसूल करावयाचा तो नव्या पदधारकाकडून. ज्याच्या जागी आपण आलो त्याच्या कुटुंबाला आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून पाचवा हिस्सा देणे या मंडळींना जड जाई आणि त्यामुळे तंटे होत. नोव्हेंबर १६५५ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलच्या शासनाने पदच्युत धर्मोपदेशकांना खाजगी उपदेशक किंवा शिक्षक म्हणून ठेवून घेण्यास मनाई केली, तेव्हा चरितार्थाचा उरलासुरला मार्गही बंद झाला.

त्याच महिन्यात, ८ नोव्हेंबर रोजी, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये जॉर्ज हॉल यांचे प्रवचन झाले. श्रोत्यांत धर्मोपदेशकांच्या पोटी जन्मलेले आणि लंडनच्या व्यापारात स्थिरावलेले अनेक जण होते. त्यांनी आपल्या पित्यांच्या व्यवसायबंधूंसाठी निधी जमविण्यास सुरुवात केली. ‘धर्मोपदेशकांचे पुत्र’ या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. राजसत्तेची पुनःस्थापना झाल्यावर दुसऱ्या चार्ल्सने १६७८ मध्ये तिला सनद दिली आणि धर्मोपदेशकांच्या दरिद्री विधवा व मुले यांना साहाय्य करणे हा तिचा हेतू सनदेत नमूद झाला. येथे एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. १६६२ च्या एकरूपता कायद्याने सुमारे दोन हजार प्यूरिटन धर्मोपदेशकांवर पदत्यागाची पाळी आली. त्यांच्या कुटुंबांची दैना पूर्वीच्या पदच्युतांइतकीच दारुण होती. मात्र हा निधी त्यांच्यासाठी नव्हता. प्रस्थापित चर्चबाहेरील धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी स्वतंत्र निधी स्थापन होण्यास १७३३ साल उजाडावे लागले.

निधी जमविण्याची रीत मोठी चतुर होती. दरवर्षी कॅथीड्रलमध्ये उपासना, प्रवचन व त्यानंतर मेजवानी असा उत्सव होई. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याला भव्य वाद्यवृंदाची जोड मिळाली. हेन्‍री पर्सेल व पुढे हँडल यांच्या स्तोत्ररचना तेथे वर्षानुवर्षे सादर होत. संगीताच्या तालमीलाही श्रोते गर्दी करीत आणि तेथेही दानपात्र फिरे. या रकमेतून धर्मोपदेशकांच्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून ठेवण्याचे शुल्क भरले जाई. इंग्लंडच्या संगीताच्या इतिहासकारांनी या उत्सवाची जितकी दखल घेतली आहे, तितकी त्यातून ज्यांचे संसार सावरले त्यांची कोणी घेतलेली दिसत नाही. विधवांच्या निवाऱ्याचा प्रश्न काही बिशपांनी आपल्या परीने हाताळला. रॉचेस्टरचे बिशप जॉन वॉर्नर यांच्या १६६६ मधील मृत्युपत्रानुसार ब्रॉम्ली येथे वीस विधवांसाठी वसतिगृह उभारण्यात आले. मात्र वीस घरे म्हणजे सागरात थेंब होता.

दारिद्र्याच्या मुळाशी जाणारा पहिला सरकारी प्रयत्न अ‍ॅन राणीचा. नव्या पदधारकाने पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि त्यानंतर दरवर्षी दहावा हिस्सा राजकोषात भरावा, असा आठव्या हेन्‍रीच्या काळापासूनचा दंडक होता. म्हणजे पदावर रुजू होणे हाच एक अनपेक्षित नसला तरी न पेलणारा खर्च होता. १७०४ मध्ये राणीने हे उत्पन्न गरीब धर्मवृत्तींच्या वाढीसाठी सोडून दिले आणि ‘क्वीन अ‍ॅन्स बाउंटी’ हा निधी अस्तित्वात आला. वार्षिक ५० पौंडांहून कमी उत्पन्नाच्या धर्मवृत्तींना लवकरच या देण्यांतून पूर्ण सूट मिळाली. अशा धर्मवृत्ती पाच हजारांहून अधिक निघाल्या, म्हणजे देशातील एकूण संख्येच्या जवळजवळ निम्म्या. परंतु हा निधी धर्मवृत्तीला भांडवल देई, माणसाला नव्हे. बहुधा २०० पौंडांची रक्कम जमिनीत गुंतवून पदाचे उत्पन्न कायमचे थोडे वाढविले जाई. ज्याच्या घरी आज आजार आहे त्याला त्याचा उपयोग नसे. शिवाय अनुपस्थित पदधारकाच्या जागी राबणारे क्यूरेट यांच्या हाती या वाढीतील काही पडेलच असे नव्हते. त्यांच्यासाठी १८१३ च्या कायद्याने किमान ८० पौंड वेतन ठरविले; धर्मवृत्तीचेच उत्पन्न कमी असेल, तर ते सर्व त्यांना द्यावे असेही म्हटले.

अनपेक्षित खर्चांत सर्वांत निष्ठुर खर्च घराचा होता. पॅरिशमधील निवास हा पदधारकाच्या कब्जात असे आणि त्याची डागडुजी त्याने स्वखर्चाने करावी अशी कायद्याची अपेक्षा असे. रेक्टरवर तर चर्चच्या वेदीकडील भागाच्या दुरुस्तीचाही भार पडे. घर जुने, प्रशस्त आणि उत्पन्न बेताचे, ही नेहमीची स्थिती होती. गळके छप्पर वर्षानुवर्षे तसेच राहू देण्यावाचून अनेकांना गत्यंतर नसे. पदधारक वारला की नवा पदधारक पडझडीची मोजदाद करून घेई आणि भरपाई मागे. ही मागणी मृताच्या मिळकतीवर, म्हणजे पर्यायाने त्याच्या विधवेवर येई. १८३८ च्या कायद्याने विधवेला दोन महिने घरात राहण्याची सवलत दिली. त्या दोन महिन्यांत तिने नवे छप्पर शोधावयाचे आणि जे छप्पर सोडावयाचे त्याच्या दुरुस्तीचे पैसेही उभे करावयाचे, असा हा न्याय होता. नवा पदधारक दुष्ट असे असे नाही. त्याने मागणी सोडून दिली, तर तोच भार पुढे त्याच्या स्वतःच्या पत्नीवर पडणार होता. १७७६ च्या गिल्बर्टच्या कायद्याने घरबांधणीसाठी धर्मवृत्ती गहाण ठेवून कर्ज काढण्याची सोय केली व १८७१ च्या कायद्याने पाहणीसाठी अधिकृत सर्वेक्षक नेमले; त्यामुळे तंटे कमी झाले, पण भार हलका झाला नाही. धर्मादाय संस्थांकडे येणाऱ्या विधवांची पहिली गरज अन्नाइतकीच या देण्यातून सुटण्याची असे, हे यावरून ध्यानात येईल.

याच काळात स्कॉटलंडमध्ये अगदी वेगळ्या मार्गाने विचार झाला. रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांनी गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या मदतीने विधवांच्या निधीची योजना आखली आणि १७४४ मध्ये पार्लमेंटने तिला मान्यता दिली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ९३० धर्मोपदेशकांपैकी दरवर्षी सरासरी २७ मरण पावतील आणि त्यांतील १८ जणांमागे विधवा राहतील. त्यावरून प्रत्येकाने वर्षाला किती हप्ता भरावा आणि विधवेला १० ते २५ पौंडांपर्यंत कोणते वर्षासन मिळावे, हे ठरविण्यात आले. आधुनिक विमाशास्त्राच्या इतिहासात या निधीला मानाचे स्थान आहे. स्कॉटिश विधवेला दात्याच्या दारी जावे लागत नसे. पतीने भरलेल्या हप्त्यांच्या बळावर ती आपला हक्क मागे. इंग्लंडमधील विधवा मात्र दीर्घकाळ अर्जदारच राहिली. दोन्ही देशांतील दारिद्र्यात फारसा फरक नसला, तरी हा फरक लहान नव्हता. अर्थात गणिताचीही एक मर्यादा होती. मृत्यूची सरासरी काढता येते. पण वादळात उडालेले छप्पर, मुलाचे दीर्घ दुखणे किंवा बुडालेला दशमांश यांची सरासरी त्या काळी कोणी काढू शकत नव्हते.

मुलांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांत १७४९ मध्ये स्थापन झालेली धर्मोपदेशकांच्या अनाथ मुलांची संस्था प्रमुख होय. अल्प शुल्कातील शाळांपैकी यॉर्कशर-लँकाशरच्या सीमेजवळील कोवन ब्रिज येथील, धर्मोपदेशकांच्या मुलींची शाळा साहित्यामुळे अजरामर झाली आहे. हॉवर्थचे पॅट्रिक ब्राँटी यांच्या चार मुली १८२४ मध्ये तेथे गेल्या. निकृष्ट अन्न, थंडी व रोगराई यांमुळे त्यांपैकी मराया व एलिझाबेथ या दोघी १८२५ मध्ये घरी परतून मरण पावल्या. शार्लट ब्राँटी यांनी जेन एअर (१८४७) मध्ये रंगविलेली शाळा हिच्यावरूनच घेतली आहे. उपकारासाठी उघडलेल्या या शाळेत उपकृतांना त्यांच्या पायरीची जाणीव सतत करून दिली जाई, हा त्या चित्रणाचा रोख आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकटाचे स्वरूप पालटले. १८३६ च्या कायद्याने दशमांश धान्यरूपाने घेण्याऐवजी रोख आकारणी सुरू झाली व ती गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी जोडण्यात आली. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्याने भाव कोसळले आणि १९०१ मध्ये १०० पौंडांच्या मूळ आकारणीचे मोल सुमारे साडेसहासष्ट पौंडांवर आले. चर्चच्या शेतजमिनींना कुळे मिळेनात. पदधारकाचा दर्जा, पाहुण्यांची ऊठबस, गावातील गरिबांना द्यावयाची मदत व मुलांचे शिक्षण हे सारे मात्र पूर्वीच्याच मानाने चालू ठेवणे भाग होते. अशा कुटुंबांसाठी १८४९ मध्ये ‘फ्रेंड ऑफ द क्लर्जी’ ही विधवा व अविवाहित मुली यांना वर्षासन देणारी संस्था निघाली. १८५६ मधील ‘पुअर क्लर्जी रिलीफ’ ही संस्था तात्पुरत्या अडचणीत तातडीने पैसा व कपडे पुरवू लागली. धर्मोपदेशक हयात व कामावर असताना त्याला मदत करणे, हे या दुसऱ्या संस्थेचे वैशिष्ट्य होते. जुन्या निधींची दृष्टी विधवा व पोरकी मुले यांवर खिळलेली होती. जिवंत माणसाच्या कर्जाकडे पाहण्यास समाज बिचकत असे.

त्या बिचकण्याचे उत्तम दर्शन अँटनी ट्रॉलप यांच्या द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट (१८६७) या कादंबरीत घडते. वार्षिक १३० पौंडांवर संसार रेटणाऱ्या जोसाया क्रॉली या धर्मोपदेशकावर २० पौंडांच्या धनादेशाच्या चोरीचा आळ येतो. तो धनादेश त्याला एका मित्राच्या घरून मदत म्हणून दिलेल्या नोटांमध्ये आलेला असतो. पण मदत घेण्याची लाज इतकी, की पाकिटात काय होते हे त्याने धडपणे पाहिलेलेही नसते. कथानकाची सारी गुंतागुंत या एका गोष्टीवर उभी आहे. विद्वान, मानी आणि कर्जबाजारी अशा माणसाला पैसे कसे द्यावेत हा प्रश्न त्या काळच्या समित्यांपुढेही होता.

विसाव्या शतकात या कुटुंबांचे अनेक जुने धोके कायद्याने दूर झाले. १९२६ पासून निवृत्तिवेतनाची पद्धतशीर योजना आली. क्वीन अ‍ॅन्स बाउंटी १९४८ मध्ये दुसऱ्या एका जुन्या मंडळात विलीन होऊन चर्च कमिशनर्स ही संस्था झाली. १९७२ च्या कायद्याने घरांच्या दुरुस्तीची जबाबदारी पदधारकाकडून काढून बिशपक्षेत्राच्या मंडळाकडे सोपविली; तीन शतके विधवांचा पाठपुरावा करणारे पडझडीचे देणे त्यामुळे संपले. १९७६ च्या कायद्याने शेतजमिनीही पुढे बिशपक्षेत्राच्या मालकीच्या झाल्या आणि धर्मोपदेशक जवळजवळ सर्वत्र निश्चित मानधनावर आला. घर मात्र पदाशीच जोडलेले राहिले. त्यामुळे आयुष्यभर भाडे न भरता राहिलेला धर्मोपदेशक निवृत्त होताना स्वतःच्या घराविना उरतो. चर्चने त्यासाठी गृहसाहाय्याची स्वतंत्र योजना ठेवली आहे. घटस्फोट झाला, तर पत्नीची अवस्था पूर्वीच्या विधवेहून वेगळी नसे: विवाह गेला की घरही जाई. अशा स्त्रियांनी १९८३ मध्ये ‘ब्रोकन राइट्स’ हा परस्परसाहाय्याचा गट स्थापन केला. जुन्या सनदांत अशा विभक्त पत्नीचा विचारच झालेला नव्हता.

१६५५ ची संस्था व एकोणिसाव्या शतकातील दोन्ही संस्था कालांतराने एकत्र आल्या आणि २०१९ पासून त्या ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जातात. १९९४ पासून इंग्लंडमध्ये स्त्रियाही धर्मगुरुपदी येऊ लागल्या असल्याने ‘पुत्र’ हे जुने नाव विसंगत वाटू लागले होते. ब्रिटन व आयर्लंड येथील अँग्लिकन धर्मोपदेशक, दीक्षेपूर्व शिक्षण घेणारे उमेदवार, निवृत्त धर्मोपदेशक, विधवा वा विधुर आणि विभक्त जोडीदार हे तिचे साहाय्य मागू शकतात. आजारपण, बिघडलेली मोटार, बदलीच्या वेळचा खर्च, कर्जाचे हप्ते, हिवाळ्यातील इंधन अशी कारणे असतात. २०२२ मध्ये इंधनाचे दर भडकले तेव्हा जुन्या, प्रशस्त व थंडगार निवासांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, आणि चर्चच्या मध्यवर्ती मंडळालाही त्यासाठी बिशपक्षेत्रांना खास निधी द्यावा लागला. ट्रस्टकडे आलेले अर्ज गोपनीय ठेवले जातात. तिचा वार्षिक उत्सव सेंट पॉल्समध्ये अद्यापि भरतो.