माउंट बदलला तेव्हा: नंतरचं शहाणपण बाजूला ठेवून निर्णय कसा वाचायचा

समजा, साल १९८७ आहे आणि तुमचं पोट फोटोग्राफीवर आहे. तुमच्याकडे कॅननची एफ-१ बॉडी आणि वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतलेल्या पाच-सहा एफडी लेन्सेस आहेत. मार्चमध्ये कॅनन ईओएस ६५० हा नवा कॅमेरा आणते आणि कळतं की तुमची एकही लेन्स त्यावर बसत नाही. काय कराल? आहे तेच वापरत राहाल, की सगळं विकून नवं घ्याल?

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या निर्णयाबद्दल आहे. पहिल्या मसुद्यात मी झोकात लिहून टाकलं होतं, 'कंपनीने जुन्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडलं.' गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले: 'कुणाला? कधी?' तिथून सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. का, ते सांगते.

आधी तांत्रिक बाजू. एफडी माउंट १९७१ चा. त्यात बॉडी आणि लेन्स यांचा संबंध यांत्रिक तरफांनी जोडलेला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकसने बाजार हलवला. कॅननने त्याच वर्षी टी८० मध्ये एफडी माउंट ठेवूनच ऑटोफोकस देऊन पाहिला, पण ती वाट पुढे गेली नाही. नव्या ईएफ माउंटमध्ये तरफा गेल्या, विजेचे संपर्क आले आणि मोटर लेन्समध्येच बसली.

मग अडॅप्टर का नाही? माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एफडीत ४२ मिमी, ईएफमध्ये ४४ मिमी. म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीवर किमान २ मिमी पुढे राहते आणि दूरचं दृश्य फोकसमध्ये येत नाही. हे सुधारायचं तर अडॅप्टरमध्ये जादा भिंग हवं. कॅननने तसा कन्व्हर्टर काढलाही, पण तो मोजक्या टेलिफोटो लेन्सेसपुरता.

आता 'कुणाला?' हा प्रश्न घ्या. एक बॉडी आणि एक ५० मिमी लेन्स असलेल्या हौशी माणसाचं नुकसान वेगळं. १९८६ मध्ये नवाकोरा टी९० घेतलेल्याचं दुःख वेगळं: वर्षभरात त्याचा माउंट जुना झाला. आणि टेलिफोटोत मोठी रक्कम गुंतवलेल्या व्यावसायिकाचं गणित तर पूर्ण निराळं. 'ग्राहक' या एका शब्दाखाली मी या तिघांनाही कोंबलं होतं.

मग 'कधी?' ईओएस मालिकेतली व्यावसायिक बॉडी, ईओएस-१, आली १९८९ मध्ये. म्हणजे १९८७ ला एफ-१ वर थांबलेला माणूस हट्टी किंवा जुनाट नव्हता. त्याच्या तोडीचं नवं साधन अजून बाजारात आलंच नव्हतं. १९९० मध्ये तर कॅननच्या नावाने एफडी माउंटचा टी६० आला. थोडक्यात, 'बंद पडणं' ही एक तारीख नसते, ती लांबत जाणारी प्रक्रिया असते.

तारखा मांडल्यावर तिसरी वाटही दिसली. जुन्या लेन्सेस कुठेच चालणार नसतील, तर कॅननशीच बांधून राहायचं कारण काय? निकॉनने १९५९ चा एफ माउंट कायम ठेवून ऑटोफोकस आणला होता. त्यामुळे 'राहा की बदला' हा प्रश्न खरं तर 'राहा, ईओएस घ्या, की कंपनीच बदला' असा होता. माझ्या पहिल्या मसुद्यात ही वाट नव्हतीच.

आता सगळ्यात मोठा सापळा. २००८ पासून मिररलेस कॅमेरे आले. त्यांच्यात माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर साधारण २० मिमीच्या आसपास, त्यामुळे एफडी लेन्स साध्या पोकळ अडॅप्टरने बसते आणि दूरवर फोकसही होते. जुन्या लेन्सेसना पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. हे वाचून लगेच वाटतं, 'ज्यांनी ठेवल्या तेच शहाणे!' थांबा. १९८७ च्या माणसाला २००८ ठाऊक नव्हतं. त्याला पुढच्या महिन्याची कामं दिसत होती. एकवीस वर्षांनी झालेला फायदा त्याच्या निर्णयाचं कारण होऊ शकत नाही.

तुमच्या विषयात कॅमेरे नसतील, पण कुणाचा तरी निर्णय नक्की असेल. तेव्हा वहीत दोन रकाने आखा: 'त्या दिवशी काय उपलब्ध होतं' आणि 'नंतर काय घडलं'. निर्णयाचं स्पष्टीकरण पहिल्या रकान्यातूनच द्या. दुसरा परिणामांसाठी ठेवा. हे दोन मिसळले की आपण मेलेल्या माणसांना शहाणं किंवा मूर्ख ठरवत बसतो, आणि त्यांना तसं का वागावं लागलं हे कळतच नाही.

माझं ते वाक्य आता असं आहे: '१९८७ ते १९८९ या काळात व्यावसायिक एफडी वापरणाऱ्यांसाठी थांबणं हा सावध आणि समजण्यासारखा पर्याय होता.' झोक गेला, पण हे वाक्य तोंडी परीक्षेत मला पुराव्यानिशी सांभाळता येईल.