पुराणिकाच्या लेकीची साक्ष
खालापूर तालुक्यातील पाताळगंगेच्या खोऱ्यातले मोहोपाडा आज रसायनीच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्ससारख्या उद्योगांच्या मागोमाग ठिकठिकाणची माणसे या मुलखात पोटापाण्यासाठी आली. अशा नोकरदारांच्या वस्तीत ख्रिस्ती घरे असली, म्हणजे एखाद्या प्रार्थनासभेत कोणी गृहिणी वा कामगार उभा राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांदेखत सांगतो, आणि या सांगण्याला मंडळीत ‘साक्ष देणे’ म्हणतात.

या प्रथेच्या मराठी इतिहासाची वाट याच मुलखाच्या अंगावरून जाते. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. आणि या साक्षीला मराठीत निराळे रूप देणाऱ्या पंडिता रमाबाईंनी मुंबईत आदल्या वर्षी विधवांसाठी उघडलेले शारदा सदन १८९० साली पुण्यास हलविले, तेव्हाही लोहमार्ग कर्जतवरूनच घाट चढत होता.

रमाबाईंच्या आधीची साक्ष बहुधा कैफियतीच्या थाटाची असे. धर्मांतरिताचा वारसाहक्क कायद्याने सुरक्षित झाला तोच मुळी १८५० साली. जातीबाहेर पडणे म्हणजे घर, नातीगोती आणि पंगत यांना एकदम मुकणे होते. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात वादाला आणि प्रमाणांना मोठे स्थान मिळाले, यात म्हणूनच नवल नाही. सारा समाज जाब विचारीत असताना ज्याला उत्तर द्यावयाचे आहे, त्याने पुरावे मांडू नयेत तर काय करावे?

रमाबाईंची ‘माझी साक्ष’ मात्र निराळ्या मातीची आहे, आणि माझ्या मते त्याचे कारण त्यांच्या बालपणात सापडते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे कुटुंब पुराणिकाच्या वृत्तीवर जगत तीर्थोतीर्थी हिंडले. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून पोथी वाचावयाची आणि श्रोते जे वाहतील त्यावर दिवस काढावयाचा, असा तो संसार होता. दुष्काळाने आईबाप आणि बहीण हिरावून नेल्यावर रमाबाई व त्यांचा भाऊ उत्तरेकडे पायी भटकत राहिली. पंजाबात नदीकाठी कडाक्याच्या थंडीत दोन खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. चारचौघांत बसून देवाविषयी बोलण्याची सवय जिला लहानपणापासून होती, तिने पुढे पुराणाच्या जागी स्वतःचे आयुष्य उघडून ठेवले. ते करताना तिने काही झाकले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्ती धर्म हाती आला, ख्रिस्त मात्र नव्हे, हे उमगावयास आठ वर्षे लागली, अशी कबुली त्या देतात. पदरात विजय पडल्याचे सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. आपला उशीर सांगणारी व्यक्ती विरळा, आणि श्रोता विश्वास ठेवतो तो अशाच व्यक्तीवर.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रांजळपणा स्वयंपाकघरात उतरला. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, एकत्र आल्यावरही सोवळे आणि वेगळी चूल सांभाळून राहिल्या, आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. सोवळे सुटण्याची ती एकेक पायरी त्यांनी अशी लिहिली आहे, की धर्मांतराचे इतके घरगुती चित्र मराठीत दुसरे मी पाहिले नाही.

छापील ग्रंथांच्या वाट्याला आलेले टिकून राहण्याचे हे भाग्य साध्या मंडळीच्या साक्षींना लाभले नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव आणि तारीख लिहिली जाते. ते पाणी डोक्यावर पडण्यापूर्वी त्या माणसाने किती रात्री तळमळून काढल्या, याला तिथे रकाना नसतो. बोललेली साक्ष सभा उठली की विरते. मोहोपाड्यासारख्या नव्या वस्त्यांतली, नोकरीसाठी मुलूख सोडून आलेली पिढी आता वृद्ध होत आहे. तिच्या साक्षी तिच्याच बोलीत, तिच्या शंकांसकट, कोणीतरी वहीत उतरवून घेऊन मंडळीच्या दप्तरी जपाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.