मेणावरचे पडदे

तांबरम येथे ज्या घरात आम्ही चार वर्षे काढली, त्याच्या शेजारच्या घरात एक वीणा होती. तिच्या मालकीणबाईंना सारी आळी मामी म्हणत असे, म्हणून आम्हीही मामीच म्हणत होतो. एका एप्रिलअखेर त्या महिनाभरासाठी मुलाकडे राहावयास निघाल्या. बंद घरात भर उन्हाळ्यात वाद्य एकटे ठेवणे बरे नव्हे, म्हणून त्यांनी ते आमच्या स्वाधीन केले. आमच्याकडे त्या वेळी कन्येची गिटार नुकतीच आली होती. तिच्या दांडीवरील शिसवी पट्टीस, म्हणजे फ्रेटबोर्डास, वर्षातून एकदोनदा तेल द्यावयाचे असते एवढे ज्ञान आम्ही मिळविले होते. एका रविवारी त्या पट्टीवरून खोबरेल तेलाचा बोळा फिरवून झाल्यावर शेजारच्या वीणेकडे आमचे लक्ष गेले. तिच्या पडद्यांखालीही काळेभोर, धूळ बसलेले लाकूड दिसत होते. शेजारधर्म म्हणून आम्ही तेथेही बोळा फिरविला, आणि तो सढळ हाताने फिरविला.

ते लाकूड नव्हते, मेण होते.

मे महिन्याचा उकाडा त्या मेणास पुरेसा झाला. मामी परत येऊन वीणेपुढे बसल्या तेव्हा चारपाच पडदे कलले होते आणि एक तर बोटाच्या दाबाने खाली बसला. वीणा त्यांच्या आजीची होती. त्या रागावल्या नाहीत. ‘‘कोणते तेल?’’ एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाने आम्हांस जितके लाजविले तितके रागाने लाजविले नसते, आणि पुढील काही महिने कचेरी सुटल्यावर जे वाचन आम्ही केले, त्याचे मूळ त्या प्रश्नातच आहे.

वाद्याच्या पडद्यांखाली मेण का असावे? याचे उत्तर शोधू जाता आपण सोळाव्या शतकात जातो. विजयनगरच्या छत्राखाली रामामात्याने 1550 मध्ये ‘स्वरमेलकलानिधि’ हा ग्रंथ रचला. त्यात एकरागमेल वीणा आणि सर्वरागमेल वीणा असा भेद आढळतो. पहिलीचे पडदे रागागणिक बदलावे लागत. दुसरीवर सर्व राग निघावेत अशी पडद्यांची कायम मांडणी असे. पुढे तंजावरचा रघुनाथ नायक व त्याचा मंत्री गोविंद दीक्षित यांच्या काळी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, चोवीस अचल पडद्यांची वीणा रूढ झाली असे परंपरा सांगते. एका सप्तकाचे बारा, अशी दोन सप्तकांची ही सोय.

आता ‘अचल’ म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. गिटारीचा कारागीर हिशेबाने अंतरे मोजतो, लाकडात खाचा पाडतो आणि धातूच्या पट्ट्या ठोकून बसवितो. त्या एकदा बसल्या की बसल्या. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, वाजविणारा ते सरकवू शकतो. वीणेचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. दांडीच्या दोन्ही काठांवर कोळशाची पूड मिसळलेल्या मधमाश्यांच्या मेणाचे दोन बांध घालतात आणि ते मऊ आहे तोवर कारागीर एकेक पडदा त्यात दाबतो. तार छेडावयाची, ऐकावयाचे, केसभर पुढे, केसभर मागे. मापपट्टी येथे उपयोगी नाही, कानच लागतो. मेण कडक झाले की वादकापुरता पडदा अचल झाला. काही वर्षांनी मेण थकते. तेव्हा ते काढून सारे पुन्हा मांडावयाचे. तमिळ लोक या पडद्यांस मेट्टु म्हणतात.

येथे आम्हां मराठी माणसांच्या एका खोडीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तंजावर म्हटले की तेथील प्रत्येक चांगल्या गोष्टीवर भोसल्यांचा शिक्का मारावयास आपण उत्सुक असतो. वीणेची ही मांडणी मराठ्यांची नव्हे. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले तेव्हा ती तेथे होतीच. मराठ्यांचे श्रेय निराळे आहे, आणि आमच्या मते ते कमी नाही: परक्या मुलखात जे चांगले आढळले ते त्यांनी मोडले नाही, पोसले. तुळजाजीराजांच्या नावावर ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे. दुसऱ्या सरफोजींनी (1798 ते 1832) आपल्या दरबारी युरोपीय वाद्ये व बँडही आणला, पण त्यामुळे वीणेची बैठक उठली नाही. फणसाच्या लाकडाची ती तंजावरी वीणा आजही तेथे घडविली जाते. 2013 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मधमाश्यांचे मेण सुमारे 62 ते 64 अंशांवर वितळते, पण मऊ होण्यास त्याला इतकी उष्णता लागत नाही. त्यात तेल मुरले म्हणजे काय होते हे कोणताही वैद्य सांगेल. मेण आणि तेल मिळूनच तर मलम होते. आम्ही मामींच्या आजीच्या वीणेचे मलम करावयास घेतले होते. तेलाचे वीणेशी वैर आहे असे मात्र नव्हे. वादक डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल तेलाचा पुसट हात लावतात, म्हणजे तारेवरून बोट विनासायास घसरते. वादन झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसावयाच्या, हा त्याचाच दुसरा भाग. तेल बोटाचे आहे, पडद्याखालच्या मेणाचे नव्हे.

सतारीचे वादकही तेलाच्या बोळ्याची डबी जवळ बाळगतात. पण मिरजेच्या सतारीचे लाकूड लाखेच्या पॉलिशाने झाकलेले असते. एके काळी हत्यारांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे हा धंदा उभारला. लाखेवर तेल चढविल्याने लाकडास काही पोहोचत नाही, फक्त धूळ चिकटते. आणि स्पिरिटने पुसले तर लाखच निघून येते.

राहिली गिटार. तिच्या पट्टीचे शिसव किंवा आबनूस बहुधा उघडेच ठेवतात, म्हणून तेलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिचाच. ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाल्यावर अमेरिकेतील मार्टिन कंपनीने 1969 मध्ये हिंदुस्थानी शिसव वापरावयास आरंभ केला. तेव्हा न्यूयॉर्कच्या वादकाच्या हाती आज आपल्या पश्चिम घाटाकडचे झाड असणे अशक्य नाही. या लाकडात मूळचेच तेल असते. त्याला थेंबदोन थेंब पुरतात, आणि लावल्यावर ते पुसून काढावयाचे असतात. जवस तेल वाळून कडक होते, त्याचा थर साचतो, आणि त्यात भिजलेली चिंधी चोळामोळा करून टाकल्यास ती आपोआप पेटू शकते. ‘लेमन ऑइल’ या नावाने मिळणारे बहुतेक तेल म्हणजे सुगंधी खनिज तेल; ते न वाळणारे, न कुजणारे, म्हणून निर्धास्त. लिंबाच्या सालीचा अस्सल अर्क मात्र फार तीव्र असतो, त्याच्या वाटेस जाऊ नये. पट्टी मेपलची असून तिच्यावर वार्निश असेल तर तेल नकोच.

मामींची वीणा आम्ही मयिलापूरच्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्याने तेलकट झालेले सारे मेण खरवडून काढले, नवे घातले, आणि दोन दिवस पडदे लावीत बसला. पैसे आम्ही दिले. ते मामींनी घेऊ दिले, हा त्यांचा मोठेपणा.

पुढच्या वर्षी आमची बदली दिल्लीस झाली. जानेवारीत कन्येने गिटार काढली तेव्हा पट्टीच्या छिद्रांत पांढरे काही साचले होते. खोबरेल तेल 24 अंशांखाली थिजते. तांबरमच्या हवेत ते चार वर्षांत कधी थिजले नव्हते. कोरड्या थंडीने पट्टीही आकसली होती आणि पडद्यांची टोके दोन्ही कडांना बोटास टोचत होती. आम्ही ते पांढरे जुन्या मऊ ब्रशाने काढले, खनिज तेलाचे दोन थेंब दिले आणि लगेच पुसले. टोके एका कारागिराकडून घासून घेतली. गिटारीच्या पेटीत आता हिवाळाभर ओल्या स्पंजाची भोके पाडलेली डबी असते.