शाळा सुटल्यावरची शाळा

गटाची वसुली, वहीतली नोंद, घरची भाकरी-भाजी सगळं उरकून तुम्ही ऐकायला बसला असाल. आज आम्ही कर्जाचं किंवा हप्त्याचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे शाळेत धडे संपल्यावर जे चालतं त्याबद्दल. खो-खो, लेझीम, गाइडचा गणवेश, निबंध, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, गॅदरिंग, हे सगळं त्यात आलं.

विषय निघाला तो एका गटाच्या बैठकीत. एक ताई म्हणाली, "पोरगी नववीला आहे. खो-खोच्या सरावाला थांबते, घरी यायला सहा वाजतात. लोक विचारायला लागले. बंद करू का तिचं?" अर्ध्या बाया म्हणाल्या, बंद कर. बाकीच्या गप्प बसल्या. आम्हीही तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. मग वाटलं, या गोष्टी शाळेत आल्या कुठून, कुणी आणल्या आणि कशासाठी, हे एकदा मागे जाऊन पाहू. मग ठरवू, बंद करायचं का.

सुरुवात आपल्या नगरपासूनच करू. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण बोलण्यात अजून नगरच येतं. सिंथिया फेरार नावाच्या बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. मुलींना शिकवणं हेच त्यांचं काम. १८६२ साली त्या नगरलाच वारल्या. जोतीराव फुले १८४८ च्या सुमारास आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला आले होते. तेव्हा त्यांनी फेरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला फेरारबाईंकडे घेतलं. म्हणजे ज्या सावित्रीबाईंचा फोटो आपण ३ जानेवारीला पुजतो, त्यांची वाट आपल्या नगरवरून गेलेली आहे.

नगरचा आणखी एक धागा आहे. १८४२ साली इथे 'ज्ञानोदय' नावाचं पत्र सुरू झालं. पुढे ते मुंबईहून निघू लागलं. १८५५ साली या पत्रात दोन भागांत एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुल्यांच्या पुण्याच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी. शाळेत येऊन तिला तीनच वर्षं झाली होती. निबंध होता मांग-महारांच्या दुःखाबद्दल. आमच्यासाठी धर्म कोणता, असा सरळ सवाल तिने त्यात केला. आणि आणखी एक गोष्ट तिने लिहिली. आपल्या समाजातल्या बायांना बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, ते तिने मांडलं.

आता बघा, आज शाळेत निबंध स्पर्धा असते. 'माझा आवडता ऋतू' असा विषय देतात, मुली चार ओळी पाठ करून लिहितात. मुक्ताचा निबंध पाठ केलेला नव्हता. शाळेने तिला अक्षरं दिली आणि त्या अक्षरांत तिने आपल्या घरचं दुःख लिहिलं. धड्यातलं उत्तर लिहिणं वेगळं आणि मनातलं लिहिणं वेगळं. मनातलं लिहायला, चारचौघांत बोलायला जागा लागते. ती जागा धड्यांच्या बाहेर तयार होते.

दुसरी गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांची. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी साताऱ्याकडच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. आपल्या जिल्ह्यातही कोपरगाव, श्रीरामपूर, नगर अशा कितीतरी ठिकाणी रयतच्या शाळा-कॉलेजं आहेत. तुमच्यातल्या अनेकींची मुलं तिथेच जातात. १९२४ साली अण्णांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वयंपाकाला हात लावत, शेतात काम करत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. 'कमवा आणि शिका' ही रयतची ओळख झाली. कोणत्याही पुस्तकात नव्हतं ते ही पोरं एका पंगतीत बसून शिकली.

ही पंगत चालली कुणाच्या जिवावर? लक्ष्मीबाईंच्या. भाऊरावांच्या पत्नी. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. गटात सोनं गहाण ठेवायची वेळ आली की बाईच्या पोटात कसं कालवतं, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला जास्त कळते.

तिसरी गोष्ट साने गुरुजींची. १९२४ ते १९३० ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांना सांभाळत होते. तिथे ते 'छात्रालय दैनिक' काढायचे. छापखाना नाही, हातानेच लिहायचं आणि मुलांनी वाचायचं. रोज. पुढे 'विद्यार्थी' मासिकही काढलं. आजही शाळांमध्ये जी हस्तलिखितं निघतात, मुखपृष्ठावर मुली रंग भरतात, आत कविता लिहितात, त्या रीतीला असे हात लागलेले आहेत. खर्च कागदाचा आणि शाईचा.

आता जरा दूरची गोष्ट, पण ऐकण्यासारखी. १९०९ साली लंडनला स्काउटच्या मुलांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली न बोलावता आल्या आणि म्हणाल्या, आम्हीपण स्काउट. त्यांना घालवून देता येईना. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गाइडची चळवळ सुरू झाली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. एनसीसीचंही तसंच. कायदा झाला १९४८ साली, मुलींचा विभाग आला १९४९ साली. दोन्हीकडे आधी मुलगे, मग मुली. मुलींना जागा मिळाली ती त्यांनी मागितली म्हणून किंवा कुणीतरी त्यांच्या वतीने मागितली म्हणून.

खो-खोचं सांगतो. हा आपलाच मातीतला खेळ. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बसवले. दोन खांब आणि रेषा मारायला फक्की, एवढं झालं की मैदान तयार. आठ जणी एकाआड एक उलट्या तोंडाने बसतात, नववी पळते. पाठीमागे काय चाललंय ते आवाजावर ओळखायचं आणि 'खो' मिळाला की क्षणात उठायचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे.

आणि मीना? शाळेत 'मीना-राजू मंच' असतो, तुम्ही नाव ऐकलं असेल. मीना हे युनिसेफने नव्वदच्या दशकात तयार केलेलं चित्रातलं पात्र. २४ सप्टेंबरला तिचा दिवस पाळतात. तिची पहिली गोष्ट आम्हाला फार आवडते. भाऊ राजू शाळेत जातो, मीनाला घरकामाला ठेवलेलं. ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. मग कोंबड्या मोजताना तिच्या लक्षात येतं की एक कमी आहे, आणि चोर सापडतो. बापाला कळतं, पोरीला हिशोब आला तर घराचाच फायदा. आपल्या गटातही पहिल्यांदा वहीत आकडा लिहिणाऱ्या बाईचा चेहरा आम्ही पाहिलाय. तसाच.

इतका मोठा वारसा आहे. मग आपल्या गावात काय होतं? आमचंच सांगतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा गॅदरिंगला मुलींकडे ठरलेली कामं, ती म्हणजे रांगोळी, स्वागतगीत आणि पाहुण्यांना ओवाळायचं ताट. सामने खेळायला मुलगे जायचे. एका वर्षी मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला जायच्या तयारीत होता. आदल्या दिवशी कळलं, सोबत जायला बाईमाणूस नाही. जाणं रद्द. त्या संघातल्या दोघी आज आमच्याबरोबर गटाचं काम करतात. कुणावर राग नाही, पण ती सकाळ अजून आठवते. वेण्या घालून, डबा भरून तयार बसलो होतो.

दुसरी अडचण आपल्या भागाची आहे. पाथर्डी, जामखेड, शेवगावकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. शाळेतलं गॅदरिंग, विज्ञान प्रदर्शन, सहल, सगळं नेमकं याच महिन्यांत. म्हणजे कोयत्याबरोबर गेलेल्या पोरीची नुसती शाळा बुडत नाही, नाचात, नाटकात, संघात तिचं नावच येत नाही. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे ठेवलेल्या पोरीला अभ्यासाइतकीच या गोष्टींची गरज असते. मैत्रिणी तिथे होतात. घरी लग्नाचं बोलणं निघालं तर पोरगी आधी मैत्रिणीलाच सांगते.

मग करायचं काय? कायद्याने आपल्याला काही दारं उघडून दिली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शाळेला खेळाचं मैदान, खेळाचं साहित्य आणि ग्रंथालय हवं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. हे आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांचं झालं. हायस्कूलमध्ये पालक-शिक्षक संघ असतो. कागदावर आपली नावं असतात, सहीला वही घरी येते. आता सही करायच्या आधी बैठकीला जाऊन बसायचं. तिथे तीन प्रश्न विचारायचे. मुलींचा संघ आहे का? सराव किती वाजता सुटतो? बाहेरगावी जाताना सोबत कोण? शाळेत शिक्षिका कमी असतील तर म्हणायचं, आमच्यातली एक येते.

हायस्कूलच्या मुलींना एसटीचा पास अहिल्यादेवींच्या नावाने फुकट मिळतो. अहिल्यादेवी आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या. पण पास असून उपयोग काय, गाडी सराव सुटायच्या आधीच निघत असेल तर? मग आगाराला अर्ज करायचा, गटाच्या लेटरहेडवर, दहा-वीस सह्यांचा. नाहीतर सरावच शाळा भरायच्या आधी घ्या म्हणायचं. खेळ आणि चित्रकलेच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही घरातल्या पुरुषांना सांगायचं. काही घरांत गुणांचं कारण लवकर पटतं.

त्या बैठकीचं राहिलं. पुढच्या महिन्यात आम्ही परत त्या गावी गेलो आणि हेच सगळं बोललो. शेवटी कुणीतरी विचारलं, सराव सुटतो तेव्हा वाटेवर शेत कुणाचं? तिघींची शेतं त्याच वाटेवर निघाली. ठरलं, सोमवार ते शनिवार पाळीपाळीने एकीने सहाला वाटेवर थांबायचं. गटाच्या वहीत वसुलीच्या खाली पाळीची नावं लिहिली. आता एका पोरीऐवजी पाच पोरी सरावाला थांबतात. त्यांचा संघ जिंकेल की हरेल ते माहीत नाही. यंदा तालुक्याला जाताना सोबत कोण, ते मात्र लिहून ठेवलंय. दोन नावं आहेत.

तुमच्या गावातली वाट कशी आहे, शाळा किती वाजता सुटते, ते पुढच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमच्याच गावची गोष्ट सांगू.